दोघींत एक दात

राष्ट्रीय खो-खो लीगचा उपांत्य सामना शेवटच्या पाळीत रंगात आला होता आणि समालोचकांच्या टेबलाशी बसलेली रेवती आवटी खुर्चीवरून अर्धी उठली होती. "सासवडच्या संजनानं सूर मारला आणि..." एवढं ती बोलली, तोच तिच्या तोंडातून एक दात उडाला, माईकवर टक्कन आपटला आणि टेबलावर पडला. दाताच्या मागे गुलाबी प्लास्टिकची पट्टी होती. शेजारच्या समालोचकानं आधी दाताकडे पाहिलं, मग रेवतीकडे, मग घाईघाईनं मैदानाकडे. रेवतीनं पट्टी उचलून खिशात टाकली आणि वाक्य पुरं केलं. त्यानंतरचा प्रत्येक 'स' शिट्टीसारखा वाजला, पण सामना संपेपर्यंत ती थांबली नाही.

सामना संपायच्या आतच तो दात गावोगावच्या मोबाइलवर पोचला होता. लोकांनी त्याला गाणी लावली. रेवतीनंही हसून घेतलं, दोन-तीन जणांना स्वतःच ती चित्रफीत पाठवली. पण पुढच्या सामन्याला बोलताना तिची जीभ सारखी त्या पट्टीला दाबून धरत होती, आणि ज्या वेगासाठी लोक तिला ऐकत तो वेगच गेला होता.

रेवती सांगलीची. एकेकाळी राज्याच्या खो-खो संघातली खेळाडू, आता अडतीस वर्षांची. तिचा तो दात पडलेला नव्हता की तुटलेला नव्हता. तो आलाच नव्हता. वरच्या ओळीत मधल्या दोन मोठ्या दातांच्या डाव्या बाजूला जो लहानसा दात असतो, त्याची जागा जन्मापासून रिकामी होती. तिची जुळी बहीण चित्रा, हुबेहूब तिच्यासारखी, एकाच बीजाची. तिचाही नेमका तोच दात नव्हता.

दोघी तेरा वर्षांच्या असताना वडिलांनी त्यांना दातांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या: तारा लावून शेजारचा सुळा पुढे ओढायचा आणि फट मिटवायची, नाहीतर फट नीट राखून तिथे पुढे खोटा दात बसवायचा. ठरलं ते मिटवायचं. चित्रानं तारा इमानानं वापरल्या. तिचा सुळा पुढे आला, डॉक्टरांनी तो घासून पटाशीच्या दातासारखा केला, आणि ओळ भरली. रेवती रोज मैदानावर सूर मारायची आणि सुरागणिक तारांनी ओठ फाटायचा. तिनं घरात इतका तगादा लावला की शेवटी तारा काढल्या. मग काढता-घालता येणाऱ्या खोट्या दाताची प्लेट आली. मोठी झाल्यावर तिनं इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात, करून पाहिलं. हाड पुरेसं नव्हतं, स्क्रू हलायला लागला आणि काढावा लागला. पुन्हा प्लेट.

त्या उडालेल्या दातानं एक गोष्ट मात्र केली. मिरजेहून डॉ. शहनाज मुजावर यांचा फोन आला.

"मी ऑर्थोडॉन्टिस्ट आहे, दात सरळ करणारी," त्या म्हणाल्या. "तुमचा दात मीही पाहिला. तुमच्या मुलाखतीत ऐकलं होतं की तुम्हाला जुळी बहीण आहे. एकाच बीजाची का?"

"हो. का?"

"तिलाही तोच दात नाही का?"

रेवतीनं हो म्हटलं आणि पलीकडे डॉक्टरांनी घेतलेला श्वास तिला स्पष्ट ऐकू आला.

*

मिरजेच्या त्या संशोधन केंद्रात डॉ. मुजावरांनी दोघी बहिणींना समोर बसवलं. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या बाई. बोलताना कागदावर सारखं काहीतरी काढायच्या.

"आपल्याला दात दोनदा येतात, दुधाचे आणि कायमचे," त्या म्हणाल्या. "पण जबड्यात तिसऱ्या खेपेचीही तयारी असते. मोहरीहून बारीक, पेशींचे पुंजके. ते वाढत नाहीत, कारण शरीरातलं एक प्रथिन त्यांच्यावर कायम ब्रेक दाबून बसलेलं असतं. आमचं औषध त्या प्रथिनाला पकडतं आणि बाजूला नेतं. ब्रेक सुटला की पुंजका जागा होतो. त्याचा कोंब होतो, कोंबाचा दात."

"खरा दात?" रेवतीनं विचारलं.

"मुळासकट. नस, रक्त, सगळं असलेला. प्राण्यांत झालंय. माणसांत सुरुवात आहे."

"मग मी कशाला हवी?" चित्रा म्हणाली. ती कोल्हापुरात आर्किटेक्ट होती आणि कुठल्याही गोष्टीचा आधी पाया पाहायची. "माझ्याकडे जागाच नाही."

"म्हणूनच हव्यात. कोंब कुणाला फुटतो, कुणाला नाही, हे आम्हाला अजून कळत नाही. तुमचं रक्त एक, बीज एक, नसलेला दातही एक. जबडे तेवढे वेगळे. एकीची जागा इतकी वर्षं रिकामी, एकीची तारांनी मिटवलेली. औषध एकच दिलं आणि फरक दिसला, तर तो जबड्याचा. त्यामुळे या प्रयोगात प्रवेश जोडीलाच आहे."

"आणि मला दात आला तर?"

"आमचा अंदाज आहे की येणार नाही. सुळा पुढे ओढताना तुमचा पुंजका चिरडला गेला असणार. तरीही आलाच, तर वाढ थांबवायचं औषध आहे."

बाहेर आल्यावर रेवती सरळ गाडीकडे चालू लागली. तिला मागायचं नव्हतं. चित्रानं गाडीचं दार उघडलं, पुन्हा लावलं आणि म्हणाली, "तोंड पाडू नकोस. तुझ्यासाठी टोचून घेते. पण दात आला की पहिलं कणीस माझ्यासमोर खायचं."

औषध सलाईनमधून दिलं. रेवतीच्या फटीकडे शेजारचे दात कलले होते, त्यामुळे येणाऱ्या दाताला जागा करायला डॉक्टरांनी तिला तारा लावल्या. पंचवीस वर्षांपूर्वी हट्टानं काढलेल्या तारा अडतिसाव्या वर्षी तिनं आनंदानं लावून घेतल्या. आरशासमोर उभी राहून ती रोज हिरडीवरून बोट फिरवायची. लीगला तिनं सांगून टाकलं की हा हंगाम मी नाही, पुढच्याला दातासकट येते.

*

स्कॅनच्या दिवशी डॉक्टरांनी दोघींना एकत्रच पडद्यासमोर बसवलं. आधी रेवतीचा जबडा. राखाडी, स्वच्छ, रिकामा. डॉक्टरांनी चित्र फिरवलं, जवळ आणलं, पुन्हा फिरवलं.

"काही नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

रेवतीनं मान हलवली. तिला वाटलं होतं तितकं रडू आलं नाही. फक्त हिरडीवर ठेवलेली जीभ तिनं मागे घेतली.

मग चित्राचा जबडा. डॉक्टरांनी चित्र फिरवलं आणि हात थांबला. सुळ्याच्या मुळाच्या वर, हाडात खोल, एक काळं वलय होतं आणि वलयाच्या मधोमध तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका.

"हे काय?" चित्रानं विचारलं.

डॉक्टर उभ्या राहिल्या. "हा दाताचा शेंडा आहे. चित्रा, तुम्हाला कोंब आलाय."

चित्रा हसली. नेहमी ती ओठ मिटून हसायची, डावी बाजू तर कधीच उघडायची नाही, कारण घासलेला तो सुळा शेजारच्या दातांहून जाड आणि पिवळा दिसायचा. आज ती तोंड भरून हसली. मग तिचं लक्ष रेवतीकडे गेलं आणि हसू ओठांतच अडकलं.

"असं कसं झालं?" रेवतीनं विचारलं.

"हाडाला काम लागतं," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आनंद लपत नव्हता आणि त्याची त्यांना लाजही वाटत होती. "दात चावतो, त्याचा दाब मुळाशी पोचतो, त्यावर हाड जगतं. तुमच्या जागी दात नव्हता, हाड पातळ होत गेलं आणि पुंजका त्याच्याबरोबर विरला. चित्राच्या जागी सुळा आला, हाड भक्कम राहिलं, पुंजका मुळाच्या वर सरकून तग धरून राहिला. आमचा अंदाज बरोबर उलटा निघाला. पण रेवती, तुमचं मला आणखी एक दिसतंय. मधल्या दाताच्या मुळाजवळचंही हाड झिजायला लागलंय. नुसती प्लेट लावून बसलात तर पुढे तोही दात हलेल."

"मग चित्रासारखा सुळा पुढे ओढा."

"आता नाही जमणार. एवढ्या पातळ हाडातून ओढला तर मूळ उघडं पडेल. शेजारचे दोन दात घासून त्यांच्या आधारानं खोट्या दाताचा पूल बसवता येईल. पण पुलाखालचं हाड झिजायचं थांबत नाही."

मग त्या चित्राकडे वळल्या. तिच्यापुढे काय काय आहे, ते त्यांनी सरळ सांगितलं. औषधानं कोंब थांबवता येईल. तसाच ठेवणं धोक्याचं, तो वाढताना सुळ्याचं मूळ खाईल. किंवा तारा लावून सुळा पुन्हा मागे न्यायचा, जुनी फट उघडायची आणि दाताला खाली येऊ द्यायचं.

बोलून झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"आणखी एक मार्ग आहे. तो सांगितला नाही तर मी माझं काम केलं नाही असं होईल. दाताचं मूळ अर्धं-अधिक झालं की तो दात काढून दुसऱ्या जागी लावता येतो, रोप उचलून लावावं तसा. त्याच माणसाच्या तोंडात हे आम्ही पूर्वीपासून करतो. दुसऱ्याचा दात शरीर स्वीकारत नाही. पण एकाच बीजाच्या जुळ्यांत शरीराला तो परका वाटायचं कारण नाही. आणि वाढता दात आपलं हाड आपल्याबरोबर तयार करत येतो."

दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. काय सुचवलंय ते दोघींनाही कळलं होतं.

*

मिरजेहून निघाल्यावर गाडी चित्रा चालवत होती. रेवतीला सांगलीला सोडून ती कोल्हापूरला जाणार होती.

"मला तो हवाय," चित्रा अचानक म्हणाली.

रेवती खिडकीबाहेर बघत होती. "मी कुठे काय म्हटलं?"

"म्हटलं नाहीस, पण तू वाट बघतेयस. रेवा, मी तेरा वर्षांची होते तेव्हापासून सगळे म्हणतायत, चित्राचं छान झालं. काय छान झालं? ही बाजू मी फोटोत कधी दाखवलीय का? कुत्र्याचा दात म्हणायची वर्गातली पोरं. तुझी प्लेट तरी सुंदर होती."

"प्लेट सुंदर होती?" रेवती वळली. "पाणीपुरी खाताना तोंडात फिरायची. बोलताना उडाली, अख्ख्या महाराष्ट्रानं पाहिली. आणि तुला मात्र पोरं काय म्हणाली तेच आठवतंय."

"कुणाचं कमी, कुणाचं जास्त, असं मी करत नाहीये."

"तेच करतेयस. जागा नाही तुला, चित्रा. तुझ्या तोंडात त्याला जागाच नाही."

"जागा करता येते. डॉक्टर म्हणाल्या ना."

"मग कर," रेवती म्हणाली. "तुझा दात आहे. मला सांगलीत स्टँडवर सोड."

चित्रानं तारा लावल्या. रेवतीला ते डॉक्टरांकडून कळलं. तिच्या स्वतःच्या तारा अजून तोंडात होत्या. जागा उघडी ठेवायची की पुलासाठी आवळून घ्यायची, एवढंच तिला ठरवायचं होतं. तिनं डॉक्टरांना सांगितलं, थोडं थांबू. का थांबू, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

इकडे चित्राचा सुळा मागे सरकू लागला. दर भेटीला नवा स्कॅन व्हायचा. तांदळाच्या कणीची ज्वारी झाली, मग दाताच्या शेंड्याचा आकार स्पष्ट दिसायला लागला. चौकोनी, नाजूक, अगदी पटाशीचा. चित्रा ते चित्र मोबाइलवर उघडून कुणालाही दाखवायची: नवऱ्याला, ऑफिसातल्या पोरींना, एकदा तर भाजीवालीला. बघणाऱ्यांना कौतुक वाटायचं. स्वतःच्या जबड्यात काहीतरी नव्यानं उगवतंय, या वयात, याची तिला रोज सकाळी उठल्यावर नव्यानं आठवण व्हायची आणि रोज तेवढाच आनंद व्हायचा.

आणि तिची फट उघडली. आधी नखाएवढी, मग काडीएवढी, मग पुरती.

इचलकरंजीच्या एका सूतगिरणीच्या नव्या इमारतीचा आराखडा ती संचालकांपुढे मांडत होती. "साधारण सहा सज्जे..." म्हणताना शिट्टी वाजली. समोरचे एक गृहस्थ आराखडा सोडून तिच्या तोंडाकडे बघायला लागले. पुढच्या वाक्याला चित्राचा हात आपोआप ओठांपुढे आला. त्यानंतरचं अर्धं बोलणं तिनं हाताआडून केलं आणि स नसलेले शब्द शोधत राहिली. सज्ज्याला बाल्कनी, सहाला अर्धा डझन. बैठक संपली तेव्हा ती घामानं भिजली होती.

ती तिथून कोल्हापूरला गेली नाही. सरळ सांगलीला आली.

*

रेवती अंगणात फुलझाडांना पाणी घालत होती. फाटकाशी चित्रा उभी दिसली. भांडणानंतर दोघींची ही पहिलीच भेट.

"मला 'स' शिकव," चित्रा म्हणाली.

तिच्या तोंडची शिट्टी ऐकून रेवतीनं पाइप खाली टाकला आणि तोंडावर हात धरून हसायला लागली. चित्रा आधी चिडली, मग तिलाही हसू आवरेना. दोघी पायरीवर बसल्या.

"जीभ फटीकडे जाते तुझी," रेवती म्हणाली. "नवीन जागा दिसली की ती तिथेच घुसते. तिला उजवीकडे वळव. टोक खालच्या दातांना टेकव. वारा मधून सोड. म्हण, सरस."

"सरस." शिट्टी.

"टोक खाली. सूस."

"सूस."

"आता बरं. सांगलीचे संघ सरस."

चित्रा तीनदा चुकली, चौथ्यांदा जमलं. "हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी शिकवणार? प्लेट दुरुस्तीला गेली की मी आठ-आठ दिवस अशीच असायचे. न्हाणीघरात नळ सोडून बोलायचे, आईला ऐकू जाऊ नये म्हणून."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुझी ओळ भरलेली होती. तुला काय सांगायचं?"

चित्रानं जीभ आपल्या फटीत घातली आणि बाहेर काढली. "मला ही फट पडून दोन महिनेही झाले नाहीत, आणि आज मी माणसांसमोर बोलायची थांबले. तू यातून समालोचन करत होतीस, रेवा. लाखो लोकांसमोर."

"सवय."

"नाही. मी बघितलंय ना आता." तिनं मोबाइल काढला आणि स्कॅनचं चित्र उघडलं. हाडातला तो चौकोनी दात, वर मुळाची अर्धी झालेली भिंत. बराच वेळ ती बघत राहिली. "माझा सुळा इथे मागेच उभा आहे. तारा उलट्या फिरवल्या की फट मिटेल, हाड चांगलं आहे. घासलेला दात आहे, त्याला वरून कवच चढवता येतं, डॉक्टरांना मी विचारलंय. तुझा सुळा पुढे येऊ शकत नाही, तुझ्यामागे उभं राहायला कुणी नाही."

"चित्रा, तुला तो हवाय. मला माहितीये."

"अजूनही हवाय," चित्रा म्हणाली. "खोटं का बोलू? रोज सकाळी हवा असतो. तरी तू घे."

रेवतीनं पाइप उचलला, नळ बंद करायला गेली आणि पाठमोरीच म्हणाली, "हिरडी दुखली तर मला शिव्या द्यायच्या नाहीत."

"देणार."

*

डॉक्टरांनी दोघींना वेगवेगळं बसवून पुन्हा पुन्हा विचारलं. चित्रावर कुणी दबाव आणला नाही ना, याची केंद्राच्या समितीनं वेगळी चौकशी केली. चित्रानं समितीला सांगितलं, "दबाव माझ्यावर एकाच गोष्टीचा आहे. मूळ वाढतंय, आणि तुम्ही वेळ घालवताय."

ते खरं होतं. मूळ अर्धं ते पाऊण असतानाच दात नव्या जागी रुजतो, कारण तेव्हा त्याचं टोक उघडं असतं आणि त्यातून नवी नस आत शिरू शकते. टोक मिटलं की दात बसेल, पण आतून मेलेला राहील.

शस्त्रक्रियेच्या सकाळी दोघींच्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या. दोघींना जबडा बधिर करायचं इंजेक्शन दिलं होतं, शुद्धीत मात्र दोघी होत्या. स्कॅनवरून डॉक्टरांनी त्या दाताची प्लास्टिकची हुबेहूब प्रतिकृती छापून घेतली होती. ती हातात धरून त्या म्हणाल्या, "आधी रेवतीचं हाड याच्या मापानं कोरून घेते. खरा दात बाहेर कमीत कमी वेळ राहायला हवा. त्याच्या मुळावर पातळ कातडं असतं, ते वाळलं की संपलं."

रेवतीच्या हिरडीत प्रतिकृती गेली, निघाली, पुन्हा गेली. थोडं कोरलं. पुन्हा गेली आणि या खेपेला अलगद बसली.

मग डॉक्टर चित्राकडे वळल्या. रेवतीला मान वळवायला मनाई होती. तिला फक्त आवाज येत होते: हत्यारांची किणकिण, नर्सचं "पाणी", डॉक्टरांचं "सावकाश, सावकाश, मुळाला हात नको". समालोचकाच्या कानांनी ती प्रत्येक हालचाल ओळखायचा प्रयत्न करत होती. इतक्या सामन्यांत तिचं काळीज असं धडधडलं नव्हतं. तिथे काय झालं ते ती लोकांना सांगायची. इथे तिला कुणी काही सांगत नव्हतं.

"आला," डॉक्टर म्हणाल्या.

तेवढ्यात तोंडात कापूस कोंबलेली चित्रा बोबड्या आवाजात म्हणाली, "दाखवा. एकदा दाखवा."

"चित्रा, वेळ नाही."

"जाता जाता दाखवा."

डॉक्टरांनी चिमटा तिच्या डोळ्यांवरून नेला. क्षणभर चित्राला तो दिसला. ओला, मोत्यासारखा पांढरा, खालून उघड्या मुळाचा, तिच्या शरीरानं केलेला. मग तो शेजारच्या खुर्चीकडे गेला आणि रेवतीला हिरडीत हलका दाब जाणवला. दोन टाके पडले. दात शेजारच्या दातांना रेशमी दोऱ्यानं सैलसा बांधला गेला.

"किती वेळ लागला?" डॉक्टरांनी विचारलं.

नर्स घड्याळाकडे पाहून हसली. "मॅडम, मी बघायचं विसरले."

*

दात टिकला. हिरडी त्याच्याभोवती गुलाबी झाली, मूळ पुढे वाढलं आणि ज्या ठिकाणी स्क्रू धरायला हाड नव्हतं तिथे स्कॅनमध्ये हाडाची नवी पांढरी रेघ दिसू लागली. डॉ. मुजावर ती रेघ पाहून खुर्चीत मागे रेलल्या.

चित्राचा सुळा पुन्हा पुढे आला. त्यावर डॉक्टरांनी चिनी मातीचं पातळ कवच चढवलं. आरशात बघून ती म्हणाली, "हे आधीच केलं असतं तर?" आणि मग स्वतःच म्हणाली, "तर मी तो दात तुला दिला असता, पण मला त्याचं काही वाटलं नसतं."

या दोन बहिणींमुळे संशोधनाचा रस्ताच बदलला. आता डॉक्टर आधी तारांनी शेजारचा दात रिकाम्या जागेतून हळूहळू फिरवून आणत, हाड जागं करत आणि मगच औषध देत. ज्या तारांनी पुंजका चिरडेल असं वाटलं होतं, त्याच आता औषधाच्या आधी लागत होत्या. नव्या जोड्या येत होत्या, जुळं नसलेले लोकही येत होते.

एक मात्र राहिलं होतं. दात जागेवर होता, पण जिवंत होता का? त्यात नस शिरली असेल तर त्याला गार लागलं पाहिजे. डॉक्टरांनी दोनदा तपासलं होतं. थंड फवारा मारलेला कापसाचा बोळा लावला की शेजारचे दात झणझणायचे, तो मात्र गप्प असायचा. "वाट पाहू," डॉक्टर म्हणायच्या. रेवती म्हणायची, "गप्प आहे पण उभा आहे, मला चालतो." चित्राला चालत नव्हतं.

तिसऱ्या तपासणीला चित्रा मुद्दाम कोल्हापूरहून आली आणि खुर्चीशेजारी उभी राहिली. डॉक्टरांनी बोळा मधल्या दाताला लावला. रेवतीनं हात वर केला. लागलं. सुळ्याला लावला. लागलं. मग नव्या दाताला लावला आणि धरून ठेवला.

हात वर झाला नाही. चित्रानं मान खाली घातली.

मग रेवतीचे डोळे मोठे झाले. तिनं हात वर केलाच नाही. शेजारी चित्राचं मनगट सापडलं ते तिनं घट्ट धरलं.

"दुखतंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"गार," रेवती म्हणाली. "गार लागलं. आतपर्यंत."

डॉक्टरांनी बोळा काढला.

"परत लावा," रेवती म्हणाली.

डॉक्टरांनी नवा बोळा फवारला, लावला. रेवतीचा चेहरा आंबट चिंच चाखल्यासारखा झाला आणि त्यातूनच ती हसत होती.

"परत."

"पुरे आता," चित्रा डोळे पुसत म्हणाली. "गारठवशील त्याला."